रस्ता मागू नका, वाटेची नोंद मागा

आमच्या गावाने पहिला अर्ज दिला त्यात मागणी एका ओळीची होती: ‘गावापासून डोंगरावरच्या देवळापर्यंत रस्ता करून मिळावा.’ खाली साठ-सत्तर सह्या, काही अंगठे. अर्ज वर्षभर या टेबलावरून त्या टेबलावर फिरला आणि शेरा घेऊन परत आला. सर्व्हे नंबर दिलेले नाहीत, जागा कोणाची ते लिहिलेलं नाही, रुंदी नाही. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, शेरा मारणाऱ्याचं फारसं चुकलं नव्हतं. वाट सगळ्या गावाला पाठ होती, पण तिचा पत्ता आम्ही कागदावर कुठेच लिहिला नव्हता. तोवर एका बांधावर तारेचं कुंपण आलं, दुसरीकडे ऊस वाटेच्या मधोमध उभा राहिला.

दुसऱ्यांदा आम्ही रस्ता मागितलाच नाही. वाटेची नोंद मागितली, आणि काम हललं. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी, चिकोडीकडच्या कुठल्याही गावात पाणंद, गाडीवाट, देवळाची किंवा मसणवटीची वाट मिटत चालली असेल तर काय क्रमाने करायचं, ते इथे मांडतो.

कायदा कुठला, ते आधी नक्की करा

सीमाभागात एक चूक हमखास होते. चंदगड-कोल्हापूरकडचा पाहुणा व्हॉट्सॲपवर अर्जाचा नमुना पाठवतो. मराठी छान असतं, कलमं ठळक असतात: महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४३, मामलेदार कोर्ट कायद्याचं कलम ५, शिवाय पाणंद रस्त्यांची योजना. भाषा आपली म्हणून कायदाही आपला असं वाटतं. इथल्या तहसीलदारांपुढे त्यातलं काही चालत नाही.

इथे लागतो तो कर्नाटक भूमहसूल कायदा, १९६४. त्याच्या कलम ६७ प्रमाणे जे सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा, नाले कोणाच्या खाजगी मालकीचे नाहीत ते सरकारचे. त्याखालचे १९६६ चे नियम आहेत. त्यातल्या ५९ व्या नियमाचा आधार घेऊन महसूल खात्याने २०२३ मध्ये परिपत्रक काढलं आणि गावनकाशात दाखवलेल्या वाटा कोणी अडवल्या असतील तर त्या मोकळ्या करून देण्याबद्दल तहसीलदारांना सूचना दिल्या. पंचायतीची बाजू कर्नाटक ग्राम स्वराज व पंचायत राज कायदा, १९९३ मध्ये येते. अर्जात एवढी तीन नावं बरोबर पडली की टेबलावरचा माणूस वर बघतो.

गंमत अशी की बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, पण जमिनीची मूळ मोजणी मुंबई इलाख्याच्या काळातली. म्हणजे कायदा एकीकडचा आणि मोजमाप दुसरीकडचं. जुन्या टिप्पणात, म्हणजे मोजणीच्या वेळी काढलेल्या कच्च्या नकाशात, लांबी साखळी आणि आण्यांत लिहिलेली असते. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. टिप्पणात वाटेची रुंदी ४ आणे लिहिली असेल तर ती सव्वाआठ फूट होते, हे पोरांना फोनच्या कॅल्क्युलेटरवर कळणार नाही. एखादा जुना मोजणीदार गावात असेल तर त्याला जवळ बसवून घ्या.

तुटक रेघ शोधा

पहिलं काम गावनकाशा मिळवणं. तालुक्याच्या सर्व्हे ऑफिसात नक्कल मिळते, भूमी-अभिलेख खात्याच्या संकेतस्थळावरही बऱ्याच गावांचे नकाशे आहेत. मी मात्र कागदाची नक्कल घ्या म्हणेन. ती जमिनीवर पसरून चार माणसं भोवती बसली की वाद तिथेच निम्मे मिटतात.

नकाशात दुहेरी तुटक रेघ असते ती गाडीवाट, एकेरी तुटक रेघ ती पायवाट. सरकारी कानडीत याच बंडिदारी आणि कालुदारी. हे दोन शब्द पाठ करा, कारण शेरा, पंचनामा, नोटीस या सगळ्यांत तेच येणार. आमच्या नकाशात वाटेची रेघ ओढ्यापर्यंत स्पष्ट होती, ओढ्यापलीकडे घडीवर शाई उडालेली. तेवढ्या दोन नंबरांसाठी आम्हाला मूळ टिप्पणाची नक्कल वेगळी मागवावी लागली.

मग वाट ज्या ज्या सर्व्हे नंबरातून जाते त्या प्रत्येकाचा उतारा काढा. नाडकचेरीत, म्हणजे तहसीलदारांच्या हाताखालच्या महसूल कचेरीत, मिळतो. उताऱ्यात मालकाच्या नावाकडे सगळे बघतात, तुम्ही क्षेत्राच्या रकान्यात खराब जमीन कशी लावली आहे ते बघा. ‘अ’ खराब म्हणजे खडक-झाडी, कसता न येणारी, पण शेताचीच. ‘ब’ खराब म्हणजे रस्ता, वाट, ओढा अशा सार्वजनिक कामासाठी सोडलेली. एखाद्या नंबरात ‘ब’ खराब ३ गुंठे असेल आणि नकाशात त्याच नंबरातून तुटक रेघ गेली असेल, तर तुमचं काम बरंचसं झालं. ती जागा कोणाकडून मागायची नाही, फक्त मोकळी करून घ्यायची.

पडताळा करायचा असेल तर हिशोब सोपा आहे. ८ फूट रुंदीची वाट एक किलोमीटर गेली तर साधारण २६,२०० चौरस फूट, म्हणजे २४ गुंठे. सगळ्या नंबरांतला ‘ब’ खराब जोडून आकडा याच्या आसपास येतो का बघा. फार कमी आला तर कुठेतरी वाट नोंदलेलीच नाही, फार जास्त आला तर ओढाही त्यात मोजला गेला आहे.

नकाशा हातात घेऊन चाला, दोनदा

एकदा मे महिन्यात, एकदा जुलैत. उन्हाळ्यात बांध आणि खुणा दिसतात, पावसाळ्यात वाट खरी कळते. रोपलावणीच्या दिवसांत आमच्याकडे भाताच्या खाचरांच्या कडेने चालताना चप्पल हातात घ्यावी लागते, आणि त्याच चिखलातून शाळेची पोरं जातात, हे मे महिन्यात आलेल्या साहेबाला सांगून पटत नाही.

फोनवर दिशांक नावाचं कर्नाटक सरकारचं ॲप घ्या. उभे आहात तिथला सर्व्हे नंबर ते दाखवतं. पण त्यात काही मीटर इकडेतिकडे होतं, म्हणून नंबर ओळखण्यापुरतं वापरा. बांधाची हद्द त्यावरून भांडू नका. एकाने आमच्याकडे ॲपवर बोट ठेवून ‘तुझा आंबा माझ्यात आहे’ म्हटलं आणि वाट राहिली बाजूला, महिनाभर आंब्यावरच चाललं.

सोबत शंभर पानी वही. माझ्या वहीतल्या ओळी अशा आहेत: ‘४३, पूर्व बांध, रुंदी ५ फूट, डावीकडे जुना आंबा, दगडी पायरी ३ (मधली झिजलेली). ४४, कुंपण, वाट उसात, १४ पावलं सापडत नाही. ओढा, दगड ठेवून ओलांडतात, जुलैत मांडीभर पाणी.’ ती झिजलेली पायरी पुढे फार उपयोगाला आली. वाट कधीच नव्हती असं म्हणणाऱ्यांना तिथे नेऊन उभं केलं. मधोमध ओंजळीएवढा खळगा पडलेला दगड दोन-चार वर्षांत तसा होत नाही, हे बघणाऱ्याला सांगावं लागलं नाही.

चालताना एक म्हातारं माणूस, एक गुरं चारणारा आणि निदान दोन बायका सोबत हव्यात. कडबा आणि पाण्याची घागर घेऊन कुठून जाता येतं ते त्यांनाच माहीत असतं. फक्त पुढाऱ्यांना घेऊन फिरलात तर वाट नेमकी जीप जाईल तिथून निघते.

टेप काढण्याआधी घरी जा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. हलगा-मच्छे बायपास आणि रिंगरोडच्या भांडणानंतर बेळगावच्या आसपास हातात टेप घेऊन शिवारात आलेला माणूस म्हणजे जमीन गेली, असंच शेतकऱ्याला वाटतं. ती भीती खोटी नाही. म्हणून मोजायला जाण्याआधी संध्याकाळी त्याच्या घरी जा. अर्ज, नकाशा काही नेऊ नका. ‘तात्या, वाट मोठी करायची नाही, होती तेवढीच ठेवायची आहे’ हे वाक्य नीट, दोनदा सांगा. आणि मग खरोखर तेवढीच ठेवा.

माझं मत इथे स्पष्ट आहे. पायवाटेला चार फूट पुरतात, गाडीवाटेला आठ ते दहा. ट्रॅक्टर आणि ट्रक दोन्ही एकमेकांना ओलांडून जातील एवढी रुंदी मागितलीत की शेजारचा प्रत्येक शेतकरी विरोधात जातो आणि चार फुटांची वाटही हातची जाते.

कुंपण घालणारा नेहमी जमीन बळकावायलाच बसलेला असतो असंही नाही. आमच्या ४४ नंबरवाल्याचं भात दोन वर्षं रानडुकरांनी उलथलं होतं. त्याला म्हटलं, कुंपण राहू दे, माणूस जाण्यापुरती फट दे. दोन खांब समोरासमोर न रोवता एकामागे एक, दीड हाताच्या अंतराने रोवले. माणूस वळून जातो, म्हैस अडते. झटक्याची तार असेल तर ती फटीच्या दोन्ही बाजूंना संपवून घ्या, आणि अंधारात दिसेल असं पांढरं फडकं बांधा.

नोंद कुठेच नसेल तर

नकाशात नाही, ‘ब’ खराबही नाही, तरी लोक पिढ्यान्‌पिढ्या जातात, असं काही नंबरांत निघतंच. वहिवाटीचा कायदा १८८२ चा आहे. २० वर्षं उघडपणे, अखंड, हक्काने वापरली असेल तर एका शेतकऱ्याला दुसऱ्याच्या शेतातून जाण्याचा हक्क मिळू शकतो. पण तो दिवाणी कोर्टात सिद्ध करावा लागतो आणि तो एका घराचा असतो, गावाचा आपोआप होत नाही. कोर्टाची पायरी मी शेवटी ठेवेन.

त्याआधी मालकाकडून पट्टी लिहून घेण्याचा प्रयत्न करा. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर ‘वाट दिली’ लिहून सह्या घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण स्थावर मालमत्तेचं दान नोंदणीशिवाय होत नाही. सब-रजिस्ट्रारकडे पंचायतीच्या नावे नोंदणीकृत दानपत्र करा. आधी उतारा बघा: वारस सगळे लागले आहेत का, सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का. पुण्यात नोकरीला असलेल्या एका बहिणीची सही राहिली तर दहा वर्षांनी तिचा मुलगा येऊन वाट बंद करू शकतो. दानपत्रानंतर सर्व्हे ऑफिसात पोटहिस्सा मोजून उताऱ्यावर नोंद लावायची. हे विसरलं तर केलेलं सगळं कपाटातच राहतं.

वॉर्डसभा आणि ग्रामसभा

कर्नाटकात काम वॉर्डसभेतून ग्रामसभेकडे जातं. थेट ग्रामसभेत उठून ‘आमच्या वाटेचं काय’ विचारलंत तर गोंगाटात जातं. वॉर्डसभेच्या यादीत वाट आधी घाला आणि त्या दिवशी तुमची माणसं शेवटपर्यंत बसवा. गणपूर्ती नसताना रजिस्टर घरोघर फिरवून घेतलेल्या सह्यांवर उभा केलेला ठराव पुढे कोणीही पाडतो.

वर्षाचा आराखडा बनवण्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू होते. त्याआधी फाईल तयार हवी. फेब्रुवारीत गेलात तर पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) पुढच्या वर्षी या म्हणतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

ठरावाची भाषा मोघम नको. असा लिहा:

‘मौजे अमुक येथील सर्व्हे नंबर ४१, ४३, ४४ व ५२ मधून जाणारी, गावनकाशात दर्शविलेली पायवाट, लांबी अंदाजे १४०० मीटर, रुंदी ४ फूट, ही सार्वजनिक वाट असून ती पंचायतीच्या रस्ता-नोंदवहीत घ्यावी. सर्व्हे खात्याकडून हद्द दाखवून घेण्यासाठी तहसीलदारांना पत्र द्यावं. स. नं. ४४ मधील अडथळा मालकाच्या संमतीने दूर करावा. वाटेची रुंदी ग्रामसभेच्या मंजुरीशिवाय वाढवू नये.’

शेवटचं वाक्य शेतकऱ्यांसाठी आहे. ते वाचून दाखवल्यावर आमच्या सभेत विरोध करायला उभे राहिलेले दोघे खाली बसले.

भाषेचा प्रश्न येणारच. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाणं संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत कुठल्याही अधिकाऱ्याकडे मांडता येतं. मराठी अर्ज नाकारला तर हे कलम दाखवा. मी स्वतः मराठी अर्जाला कानडी प्रत जोडतो आणि त्यात बंडिदारी, कालुदारी, सर्व्हे नंबर ठळक लिहितो. हक्क सोडायचा नाही, पण फाईल वाचणाऱ्याला ती वाचता आली पाहिजे. मराठी प्रतीवर पोचेचा शिक्का घ्यायला मात्र विसरू नका.

ठरावाची नक्कल मिळत नसेल किंवा अर्जाचं काय झालं ते कळत नसेल तर माहिती अधिकार. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून गावाचा सगळा इतिहास लिहू नका. ‘अमुक तारखेच्या ग्रामसभेच्या ठरावाची प्रमाणित प्रत द्यावी’ एवढंच.

पैसे

वाटेला पैसे कमी लागतात, हेच तिचं बळ. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या अनुदानात ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधलेली होती, वाटेसारखं काम उरलेल्या ४० टक्क्यांतून. पुढची विभागणी काय आहे आणि रोजगार हमीच्या मजुरीत मातीकाम कसं बसतं, ते आराखड्याच्या आधी पीडीओंना विचारा. मोऱ्या आणि फरशी पंचायतीच्या पैशातून, माती-दगडाचं काम मजुरीतून, अशी फोड केली की अंदाजपत्रक लवकर मंजूर होतं. आमदार निधी मिळाला तर चांगलं, पण तो बहुधा काँक्रीटच्या अटीवर येतो.

बांधताना पाण्याकडे बघा

खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे ज्याने पाऊस बघितला आहे त्याला हे सांगायला नको. वाट माणसांच्या पायांनी नाही, पाण्याने फाटते. उतार असेल तिथे दर पंधरा-वीस पावलांवर वाटेला तिरका आडवा चर घ्या, त्याच्या खालच्या अंगाला जांभ्याचे चिरे उभे गाडा, म्हणजे पाणी कडेला सुटतं. वाटेची डोंगराकडची बाजू किंचित उंच, दरीकडची किंचित खाली. खडी आणि मुरूम त्यानंतर. पाण्याची सोय न करता मुरूम टाकलात तर ऑगस्टपर्यंत तो शेजारच्या खाचरात गेलेला असतो, आणि मग त्या शेतकऱ्याची बोलणी खावी लागतात. ती आम्ही खाल्ली.

ओढ्यावर पूल मागू नका. पाइप टाकून केलेली मोरी कचऱ्याने तुंबते, साधी दगडी फरसबंदी जास्त टिकते. झाड तोडायचं असेल तर १९७६ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, वनखात्याची परवानगी लागते. खरं तर वाट वळवा. आंब्याला वळसा घालून गेलेली वाट कोणाला लांब वाटत नाही.

जंगल, रेल्वे, शीव

वाट वनजमिनीतून असेल तर पंचायतीचा ठराव पुरत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये सरकारने चालवायच्या १३ सुविधांत रस्ते आहेत. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटणार नाहीत ही अट, आणि ग्रामसभेची शिफारस. अरुंद वाटेचा फायदा इथे दिसतो: दोन मीटर रुंदी धरली तर एका हेक्टरात पाच किलोमीटर बसतात. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं, त्याच्या हद्दीत वन्यजीव कायद्याची बंधनं वेगळी येतात, तिथे रेंज ऑफिसात गेल्याशिवाय कुदळही उचलू नका. आणि गावच्या वाटेच्या अर्जात ‘पर्यटन’, ‘ट्रेक’, ‘धबधबा’ हे शब्द चुकूनही घालू नका. ट्रेकसाठी वनखात्याची ऑनलाइन नोंदणीची वेगळी पद्धत आहे. दोन्ही एकत्र केलंत की तुमच्या आजीच्या देवदर्शनाची वाट तिकिटाच्या खिडकीत अडकते.

रेल्वे रुळ ओलांडणारी वाट असेल तर तेवढा तुकडा रेल्वेचा, पंचायत काही करू शकत नाही. बेळगाव किल्ल्यातल्या कमलबस्तीसारखं केंद्रीय संरक्षित स्मारक जवळ असेल तर १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटर परवानगीचा पट्टा. माती सारखी करण्याआधीही विचारून घ्या.

शिवेवरची वाट हा आपल्याकडचा खास गुंता. उचगाव, बेकिनकेरे, कुद्रेमानीकडून पलीकडे देवरवाडीच्या वैजनाथाला जाणारा माणूस मध्ये कुठे राज्य बदललं ते पायाने ओळखत नाही, पण नकाशा शिवेवर संपतो. तिथे दोन ठराव करायचे. आपल्या पंचायतीचा इथल्या कायद्याने, पलीकडच्या ग्रामपंचायतीचा तिथल्या कायद्याने, आणि दोन्हींत शिवेवरचा एकच दगड किंवा एकच झाड खूण म्हणून लिहायचं. पाहुण्याने पाठवलेला तो कलम १४३ चा नमुना इथे कामाला येतो, पलीकडच्या अर्ध्या वाटेला.

नंतर

नोंद झाली, वाट झाली, की दरवर्षी पहिल्या वळवानंतर एक दिवस ठरवून चर उपसा. आम्ही यात्रेच्या बैठकीतच तो दिवस धरतो, नाहीतर माणसं जमत नाहीत. वाटेच्या दोन्ही टोकांना आणि प्रत्येक सर्व्हे नंबराच्या बांधावर गुडघाभर उंचीचा चुन्याने रंगवलेला दगड रोवा, त्यावर नंबर कोरून घ्या. रंग पुसतो, कोरलेलं राहतं.

फाईलच्या दोन प्रती ठेवा: एक पंचायतीत, एक गावात. गावची प्रत कोणा एका पुढाऱ्याच्या घरी नको. आमची देवळातल्या पत्र्याच्या पेटीत आहे, नकाशा जुन्या कॅलेंडरच्या मागे गुंडाळून. पेटीच्या दोन किल्ल्या, त्यातली एक ४४ नंबरवाल्याकडे.